भोपळ्यांच्या हौदातलं पाणी

ही गोष्ट घडायला अजून वीस-पंचवीस वर्षं आहेत. पण मला तेवढा धीर नाही, म्हणून आत्ताच सांगून टाकतो.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत राहणाऱ्या नाहीदला एका सोमवारी ऐनापुरे आजोबांनी पाच रिकाम्या बाटल्या दिल्या आणि शहरातलं सगळ्यात घाणेरडं पाणी भरून आणायला सांगितलं. बारा वर्षांच्या नाहीदला वाटलं, आजोबा थट्टा करताहेत. ती त्यांच्याकडे आली होती औषध मागायला, आणि औषधासाठी घाण पाणी मागणारा माणूस तिने आजवर पाहिला नव्हता. पण आजोबा हसत नव्हते. शेजारी उभ्या असलेल्या खुंटीने तर खुलासाही केला की घाणेरडं म्हणजे गढूळ, वास मारणारं आणि शक्य असल्यास बुडबुडे येणारं.

खुंटी म्हणजे आजोबांचा यंत्रमानव. टेबलाएवढा उंच, चार हातांचा. त्याचे हात सतारीच्या खुंट्यांसारखे जागच्या जागी गोल फिरत, म्हणून नाहीदनेच त्याचं हे नाव ठेवलं होतं. त्या काळात जसं वॉर्डावॉर्डात वाचनालय, तशी एक छोटी प्रयोगशाळाही असे. नाहीदच्या वॉर्डातली प्रयोगशाळा ऐनापुरे आजोबा सांभाळत. उभा जन्म सूक्ष्म जीवांच्या अभ्यासात घालवलेला हा माणूस निवृत्त झाल्यावर सतार शिकायला लागला होता. सतार त्यांना काही केल्या येत नसे, पण त्यापायी नाहीदच्या अब्बांशी त्यांची दोस्ती जमली होती.

आणि आता संकट आलं होतं ते अब्बांवरच.

अब्बांना सगळी गल्ली युनूसभाई म्हणे. ते सतारी बनवत. सतारीचा खालचा फुगीर भाग म्हणजे चक्क वाळवलेला भोपळा असतो. तो दगडासारखा कडक असतो, म्हणून आधी पाण्यात भिजत घालायचा आणि मऊ झाला की कापून आतला वाळका गर खरवडून काढायचा. त्यासाठी त्यांच्या परसात सिमेंटचा एक हौद होता. भोपळे त्यात आठ-आठ दिवस पडून राहत आणि पाण्याला असा वास सुटे की नवखा माणूस परसात पाऊल टाकायला धजत नसे. तीन आठवड्यांपूर्वी भोपळा खरवडताना सुरी निसटली आणि अब्बांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला नखाएवढी जखम झाली. कारागिराच्या हाताला अशा जखमा नेहमीच्या. त्यांनी चिंधी बांधली आणि पुन्हा हौदात हात घातला.

ती जखम बरी झालीच नाही. बोट सुजलं, शेजारचं बोटही सुजलं, जखमेतून हिरवट पाणी वाहू लागलं. इस्पितळात एकामागून एक तीन औषधं झाली, पण त्या जंतूंनी एकालाही दाद दिली नाही. शेवटी डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. शनिवारपर्यंत उतार पडला नाही तर दोन बोटं काढावी लागतील, नाहीतर सगळा हात धोक्यात येईल.

आता दोन बोटांनी एवढं काय बिघडतं, असं तुम्ही म्हणाल. बिघडतं. सतारीच्या तारा हाडाच्या एका छोट्या पट्टीवरून जातात, तिला घोडी म्हणतात. ती पट्टी कानसीने अशी घासायची की तार नुसती वाजून गप्प बसत नाही, झणकारत राहते. याला म्हणतात जवारी काढणं. केसाएवढं कमी किंवा जास्त घासलं गेलं तरी आवाज बसतो. अब्बा डोळे मिटून पहिल्या बोटाचं टोक घोडीवरून फिरवत आणि कुठे किती घासायचं ते त्या बोटाला कळे. कुठल्याही यंत्राला ते अजून साधलं नव्हतं. गल्लीतल्या लोकांना अब्बा हसत सांगत की दहातली दोन गेली तरी आठ उरतात. पण नाहीदने त्यांना दुकानात एकटं बसलेलं पाहिलं होतं. ते डाव्या हाताचं बोट घोडीवरून फिरवून बघत होते आणि मग त्यांनी घोडी गुपचूप डबीत ठेवून दिली होती. त्याच दिवशी ती धावत आजोबांकडे आली होती.

इस्पितळाने अब्बांच्या जखमेतले जंतू तपासणीसाठी आजोबांकडे पाठवलेच होते. ते एका काचेच्या बशीत वाढवले होते. बशीत खळीसारखं घट्ट खाद्य आणि त्यावर जंतूंचा हिरवट, सलग थर, जणू हिरवळच. आजोबांनी झाकण किंचित उचलून नाहीदला लांबूनच वास घ्यायला लावला. तिला तासगावच्या द्राक्षांची आठवण झाली. आजोबा म्हणाले की हीच त्याची खूण. याचं नाव स्यूडोमोनास. हा एक जीवाणू (एकाच पेशीचा, साध्या डोळ्यांना न दिसणारा जीव). साचलेल्या पाण्यात राहतो, वास द्राक्षाचा आणि गुण मात्र काट्याचे. हौदातून तो अब्बांच्या जखमेत शिरला होता. त्याच्या अंगावर बारीक पंप असतात. औषध आत शिरलं की तो ते या पंपांनी बाहेर फेकून देतो, म्हणून औषधं हरतात.

"मग याला कोण हरवणार?" नाहीदने विचारलं.

"याच्यापेक्षा लहान असलेला," आजोबा म्हणाले. "शेरास सव्वाशेर असतोच, पोरी. हा मात्र शेरास रतीभर आहे."

मग त्यांनी भिंतीवर एक चित्र उमटवलं. नाहीदला आधी ते चंद्रावर उतरणारं यान वाटलं. वर हिऱ्यासारखं पैलू पाडलेलं डोकं, खाली सरळ शेपूट आणि शेपटीच्या टोकाला कोळ्यासारखे सहा पाय. पण हे यान नव्हतं आणि कुणी बनवलेलंही नव्हतं. हा होता जीवाणुभक्षी, म्हणजे बॅक्टेरिओफेज (जीवाणूंवरच जगणारा विषाणू). शास्त्रज्ञ त्याला लाडाने नुसतं फेज म्हणतात. सगळेच फेज असे दिसत नाहीत, पण नाहीदला हाच आवडला. आजोबांनी सांगितलं की असे आठशे फेज ओळीने उभे केले तर ती ओळ एका केसाच्या जाडीएवढी होईल. विषाणू म्हटल्यावर नाहीद दचकली, कारण विषाणू म्हणजे साथ आणि ताप एवढंच तिला ठाऊक होतं. आजोबांनी तिला समजावलं की प्रत्येक विषाणूचं गिऱ्हाईक ठरलेलं असतं. फेज माणसाच्या पेशीकडे ढुंकूनही बघत नाही. त्याला फक्त जीवाणू कळतो, आणि त्यातही एखाद्या ठराविक घराण्यातलाच. कुलपाला किल्ली असते तसं हे आहे.

अडचण नेमकी तिथेच होती. आजोबांच्या शीतपेटीत एकेचाळीस प्रकारचे फेज जपून ठेवलेले होते. खुंटीने रात्रंदिवस खपून ते सगळे अब्बांच्या जंतूवर सोडून पाहिले होते. एकही किल्ली लागली नव्हती. नवी किल्ली शोधायची तर तिथेच शोधायला हवी जिथे जीवाणू मुबलक आहेत, कारण जिथे भक्ष्य तिथे शिकारी. आणि जीवाणू मुबलक कुठे असतात? आता नाहीदला बाटल्यांचं कोडं उलगडलं.

मंगळवारी सकाळपासून तिने शहर पालथं घातलं. एक बाटली गटाराची, एक म्हशी डुंबतात त्या डबक्याची, एक कृष्णाघाटावरच्या शेवाळाची, एक इस्पितळामागच्या सांडपाण्याची. पाचवी बाटली, आजोबांनी मुद्दाम बजावलं होतं, हौदातलीच हवी. जंतू तिथून आला तर त्याचा वैरीही तिथेच असण्याचा संभव जास्त.

आणि इथे आमच्या नाहीदने घोटाळा केला.

त्याचं असं की शाळेत मुलं तिला 'सडका भोपळा' म्हणत. तिच्या दप्तराला, ओढणीला हौदाचा वास येतो असं त्यांचं म्हणणं. ती रोज दोनदा साबण लावून हात धुई, तरी बाकावर शेजारची मुलगी अंग चोरून बसे. आजोबा त्यांच्या घरी दुकानाच्या दारातून येत, चहा पीत, नव्या सतारींच्या लाखेचा छान वास घेत. परसात ते कधी आले नव्हते. हे पाणी हुंगल्यावर ते काय म्हणतील? एवढ्या सुरेल सतारी इतक्या घाणीत बनतात, असंच ना? हौदाचं काळपट पाणी माठात भरल्यावर त्याचा भपकारा आला आणि नाहीदला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मिरजेत पुराच्या दिवसांत नळाला गढूळ पाणी आलं की घरोघरी तुरटी फिरवतात. तुरटीचा खडा पाण्यात चार वेळा फिरवायचा, पाणी न हलवता ठेवायचं, की माती तळाशी बसते आणि वर नितळ पाणी उरतं. नाहीदने तेच केलं. एकदा नाही, तीनदा तुरटी फिरवली. संध्याकाळपर्यंत वरचं पाणी असं स्वच्छ झालं की पाहुण्यांपुढे ठेवावं. ते तिने अलगद बाटलीत ओतलं. तळाशी काळा गाळ उरला. तो माठ अम्मीच्या नजरेला पडला तर दहा प्रश्न येतील, म्हणून तिने तो न कापलेल्या भोपळ्यांच्या राशीमागे दडवला. पाणी घाणेरडं हवं, हे तिला माहीत नव्हतं का? होतं. पण लाज वाटायला लागली की माणसाला माहीत असलेलंही आठवेनासं होतं. थोडी घाण कमी झाली म्हणून काय बिघडलं, असं तिने मनाला पटवलं.

खुंटीने पाचही बाटल्यांतलं पाणी अतिशय बारीक गाळणीतून गाळलं. जीवाणू त्या गाळणीवर अडकतात, फेज मात्र इतके लहान की खाली निसटतात. मग जंतूंच्या पाच हिरव्या बशांवर एकेक थेंब सोडला. थेंबात योग्य फेज असेल तर सकाळपर्यंत हिरवळीत गोल, आरपार भोक पडेल, कारण तिथले जीवाणू फुटून गेलेले असतील.

बुधवारी सकाळी शाळा बुडवून नाहीद धावत गेली. पाचही बशा सलग हिरव्या होत्या. एकही भोक नव्हतं.

आजोबा खुर्चीत बसले आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले. मग खुंटी एका सुरात म्हणाला, "नमुना पाच. रंग नाही, वास नाही, गढूळपणा नाही. मात्र तुरटी आहे. हौदाचं पाणी इतकं सभ्य असू शकत नाही."

नाहीदला रडू फुटलं. तिने सगळं सांगितलं. वासाची लाज, शाळेतलं चिडवणं, तुरटीचा खडा, सगळं. आजोबा रागावले नाहीत. त्यांनी एवढंच म्हटलं की आत्ता घरी जा आणि हौदातलं पाणी जसं आहे तसं आण.

ती घरी पोहोचली तेव्हा अम्मी परसात पदर खोचून उभी होती. याच पाण्याने माझ्या माणसाचा हात नासवला, म्हणत तिने सकाळीच हौद रिकामा केला होता. नुसता रिकामा नाही, ब्लीचिंग पावडर टाकून, खराट्याने घासून, दोनदा धुऊन काढला होता. हौद पांढराशुभ्र दिसत होता. अम्मीचं काही चुकलं नव्हतं. पण ज्या एका ठिकाणी अब्बांची बोटं वाचवणारा असण्याची शक्यता होती, ते ठिकाणच आता उरलं नव्हतं.

तिने आजोबांना फोन केला आणि हुंदके देत म्हणाली, "आजोबा, पाणी गेलं सगळं. आता नुसता माठातला गाळ उरलाय."

पलीकडून आजोबांचा आवाज आला, आणि असा आवाज तिने पूर्वी कधी ऐकला नव्हता.

"नाहीद, त्या गाळाला हात लावू नकोस. पोरी, फेज त्या गाळातच असणार."

दहा मिनिटांत आजोबा आणि खुंटी परसात हजर झाले. भोपळ्यांमागून माठ बाहेर निघाला. नाहीदने तो लपवला नसता तर हौदाबरोबर त्याचीही धुलाई झाली असती, हे अम्मीच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. माठाच्या तळाशी चार बोटं काळा, लापशीसारखा गाळ होता. आजोबांनी वाकून त्याचा वास घेतला आणि एखाद्याने केवड्याचा घ्यावा तसा पुन्हा घेतला.

मग त्यांनी तिथेच, हौदाच्या कठड्यावर बसून, नाहीदला गंमत समजावून सांगितली. तुरटी पाण्यात विरघळली की तिच्यातून कापसाच्या पुंजक्यांसारखे बारीक चिकट कण तयार होतात. ते खाली बसता बसता वाटेत भेटेल त्याला मिठी मारतात. मातीला मारतात, जीवाणूंना मारतात आणि फेजनाही मारतात. म्हणजे नितळ पाण्यात फेज जवळजवळ उरले नाहीत, ते सगळे गाळात जाऊन बसले. माठभर पाण्यात विखुरलेले फेज चार बोटं गाळात गोळा झाले होते. शास्त्रज्ञही मोठ्या पाण्यातून विषाणू गोळा करायला अशीच युक्ती करतात. नाहीदने तीनदा तुरटी फिरवली होती, म्हणजे काम तीनदा चोख केलं होतं. फक्त आणायचं ते दडवलं आणि टाकायचं ते आणलं, इतकाच फरक.

"म्हणजे मी चूक केली की बरोबर?" नाहीदने डोळे पुसत विचारलं.

आजोबा म्हणाले, "चूकच केलीस. पण ती लपवून ठेवली नाहीस, म्हणून कामी आली."

आता त्या मिठीतून फेजना सोडवायचं होतं. खुंटीने गाळात जीवाणूंच्या खाद्याचा रस मिसळला आणि त्यात सोड्याचं पाणी थेंबाथेंबाने घालत ते किंचित अल्कधर्मी (आंबटाच्या उलट गुणाचं) केलं. त्याने तुरटीच्या कणांची पकड सुटते. काही फेज या धकाधकीत निकामी झाले असतील, पण कोट्यवधींतले थोडे राहिले तरी पुरे होते. मग ते मिश्रण यंत्रात गरागरा फिरवलं, गाळ तळाशी बसवला, वरचा रस गाळला आणि त्याचा थेंब सहाव्या हिरव्या बशीवर सोडला. बुधवारची संध्याकाळ झाली होती. आता वाट बघण्यावाचून हातात काही नव्हतं.

गुरुवारी सकाळी नाहीदचं पाऊल प्रयोगशाळेच्या दारातच अडलं. आत जाण्याची तिला हिंमत होईना. शेवटी खुंटीनेच बशी दाराशी आणली.

हिरव्या थरात भोकं पडली होती. मोहरीएवढी, गोल, स्वच्छ. नाहीदने मोजली, सतरा होती. काहींच्या कडा धूसर होत्या, पण नऊ भोकं अशी आरपार होती की बशीखालचा तिचा तळवा त्यातून दिसला. तिला पुन्हा रडू आलं, पण हे रडू निराळं होतं.

आजोबांनी तिला आपल्या सूक्ष्मदर्शीतून (अतिशय बारीक वस्तू मोठी करून दाखवणाऱ्या यंत्रातून) ती शिकार दाखवली. त्यांचं यंत्र इतकं ताकदीचं होतं की फेज जिवंत हालचाल करताना दिसत. एक फेज तरंगत तरंगत जीवाणूच्या अंगावर आदळला. त्याने पाय टेकवून चाचपलं, ओळख पटली आणि तो घट्ट बसला. शेपूट आखडली आणि डोक्यात गुंडाळून ठेवलेला एक लांबलचक धागा जीवाणूच्या पोटात उतरला. तो धागा म्हणजे डीएनए (सजीव कसा घडवायचा याची लेखी कृती). फेजचं रिकामं टरफल बाहेरच राहिलं. जीवाणूला वाटलं ही कृती आपलीच, आणि तो बिचारा ती इमानेइतबारे वाचून आपल्याच पोटात फेज बनवू लागला. डोकी वेगळी, शेपट्या वेगळ्या, पाय वेगळे, आणि मग सगळं आपोआप जुळत गेलं. पाऊण तास झाला असेल नसेल, जीवाणू फुगला आणि फटकन फुटला. आतून शंभरेक नवे फेज बाहेर पडले आणि प्रत्येक जण पुढच्या जीवाणूच्या शोधात निघाला.

नाहीद बघतच राहिली. ना डोळे, ना मेंदू, ना भूक, तरी त्याला आपलं गिऱ्हाईक बरोबर ओळखता येत होतं. अब्बांच्या बोटाची तिला आठवण झाली. त्या बोटालाही असंच न बघता कळतं, असं ती म्हणाली, आणि आजोबांनी मान हलवली. पृथ्वीवर असे फेज किती असतील, तिने विचारलं. एकावर एकतीस शून्यं, असा शास्त्रज्ञांचा अंदाज असल्याचं आजोबांनी सांगितलं. समुद्रातले ढीगभर जीवाणू ते रोज फोडतात आणि त्या फुटलेल्या जीवाणूंवर इतर जीव पोसले जातात. आपण त्यांना कधी बघितलं नाही, पण ते आहेत म्हणून जगाची घडी नीट बसली आहे.

धूसर कडांची भोकं आजोबांनी बाजूला ठेवली. ते फेज आळशी, असं ते म्हणाले. जीवाणूच्या पोटात शिरतात खरे, पण त्याला न फोडता तिथेच मुक्काम ठोकतात, आणि कधीकधी त्याला नको ते गुणही शिकवतात. औषधाला असा पाहुणा कामाचा नाही. स्वच्छ भोकांतले फेज मात्र आत शिरले की फोडणारे. त्यातला एक निवडला. गुरुवारी दिवसभर त्याची पैदास केली आणि फुटलेल्या जीवाणूंची विषं शुक्रवारी यंत्राने वेगळी काढली. फेजचा डीएनए अक्षर न् अक्षर वाचून त्यात काही वाईट दडलेलं नाही याची खात्री केली, आणि अहवाल इस्पितळाच्या समितीकडे गेला. पूर्वी या कामाला कित्येक आठवडे लागत.

यंत्र घुमत असताना नाहीदला स्वस्थ बसवेना, म्हणून आजोबा फेजच्या आणखी करामती सांगत राहिले. दुधात वाईट जंतू असेल तर चमकून दाखवणारे फेज, पिकांवरचा रोग हटवणारे फेज. जीवाणूंनीही फेजविरुद्ध एक तोड काढली आहे. पूर्वी हल्ला केलेल्या फेजच्या डीएनएचा तुकडा ते जपून ठेवतात आणि तसा फेज पुन्हा आला की एका बारीक कात्रीने त्याचा धागा कापून टाकतात. माणसाने तीच कात्री उचलली आणि तिने सिकलसेलसारखा रक्ताचा आजार दुरुस्त करायला तो शिकला. भांडण जीवाणू आणि फेजचं, फायदा आपला.

नाहीदला मात्र एक शंका होती. औषधाला दाद न देणारा हा जंतू उद्या फेजलाही दाद देईनासा झाला तर? आजोबांचे डोळे लुकलुकले. हा फेज जीवाणूच्या त्या पंपालाच धरून आत शिरतो, हे खुंटीने शोधून काढलं होतं. फेजपासून वाचायचं तर जंतूला पंप टाकून द्यावा लागेल, आणि पंप टाकला की नेहमीचं औषध आतच राहून त्याला मारेल. म्हणून दोन्ही एकदम द्यायचं. जंतूची अवस्था इकडे आड तिकडे विहीर.

शनिवारी सकाळी डॉक्टरीणबाईंनी सगळे कागद दोनदा वाचले, अब्बांना विचारलं आणि शस्त्रक्रिया चार दिवस पुढे ढकलली. त्यांनी अब्बांच्या जखमेवर पाण्यासारख्या पारदर्शक औषधाचे थेंब सोडले. एका थेंबात किती कोटी शिपाई आहेत हे नाहीदने अब्बांच्या कानात सांगितलं. आणि ते कुठून आले तेही सांगितलं. अब्बा हसले.

"बेटा, तुला त्या वासाची लाज वाटायची?" त्यांनी विचारलं. नाहीदने मान खाली घातली. "मलाबी वाटायची लहानपणी. माझ्या बाबांच्या हातालाबी तोच वास होता. ते गेल्यावर मी कितीतरी दिवस हौदाजवळ जाऊन बसायचो, त्या वासासाठी."

पहिले दोन दिवस काहीच फरक दिसला नाही. तिसऱ्या दिवशी हिरवं पाणी थांबलं. चौथ्या दिवशी सूज उतरली आणि बोटांच्या सुरकुत्या दिसू लागल्या. डॉक्टरीणबाईंनी शस्त्रक्रियेची तारीख खोडली तेव्हा अम्मी इस्पितळाच्या बाकावर बसून रडली. फेज जसजसे जिंकत गेले तसतसे स्वतःही संपत गेले, कारण खायला जीवाणूच उरले नाहीत. नाहीदला हे ऐकून थोडं वाईट वाटलं. पण शीतपेटीत बेचाळिसाव्या कप्प्यात त्यांचे भाऊबंद सुखरूप होते. जो फेज शोधतो त्याने त्याचं नाव ठेवायचं, अशी शास्त्रज्ञांची रीत आहे. नाहीदने नाव ठेवलं 'जवारी'.

दोन महिन्यांनी अब्बा पुन्हा दुकानात बसले. पहिलं काम आजोबांच्या सतारीचं. बोटाच्या टोकाला नवी, गुलाबी कातडी आली होती. तिला पूर्वीसारखं कळेल की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अब्बांनी डोळे मिटले, बोट घोडीवरून फिरवलं, थांबले, पुन्हा फिरवलं. मग कानस उचलली आणि तीनदा हलकेच घासली. तार छेडली. आवाज थोडा बसका होता. त्यांनी बोट पुन्हा फिरवलं, एकदाच घासलं, तार छेडली, आणि सगळं दुकान झणकारून उठलं. नंतर आजोबांनी मोठ्या हौसेने सतार मांडीवर घेऊन वाजवली. खुंटीने अभिप्राय दिला की वाद्य निर्दोष आहे, दोष अन्यत्र शोधावा.

हौदात पुन्हा भोपळे भिजायला पडले. अब्बा आता कोपरापर्यंत हातमोजे घालून गर खरवडत, आणि हौद धुण्याआधी एक माठ पाणी बाजूला काढून ठेवायचं, हे अम्मीने स्वतःच ठरवून टाकलं.

मग एके दिवशी आजोबांचा निरोप आला. अकोल्याला एका मुलाच्या पायाच्या जखमेत दुसराच हट्टी जंतू शिरला होता आणि बेचाळीसपैकी एकही किल्ली त्याला लागत नव्हती. हौदातलं पाणी हवं होतं, जसं असेल तसं. नाहीदने बाटली काठोकाठ भरली आणि झाकण घट्ट लावून शहर बस पकडली. झाकण कितीही घट्ट लावलं तरी तो वास काही ऐकतो थोडाच. पुढच्या बाकावरच्या काकूंनी नाकाला पदर लावला. दोन मुलांनी खिडक्या उघडल्या, आणि त्यातला एक तिच्याच वर्गातला होता. काकूंनी मागे वळून विचारलं, "काय गं हे, काय घेऊन चाललीस?"

नाहीदने बाटली मांडीवर नीट उभी धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं, "औषध आहे. आमच्या घरचं."